भिंतीपुरता कागद

खळीला आधी नुसता पिठाचा वास असतो. मग पातेल्याच्या कडेला पहिला बुडबुडा फुटतो, ढवळणाऱ्या हाताला एकाएकी जडपणा जाणवू लागतो, पांढरं पाणी दाट होता होता चकाकायला लागतं, आणि त्या क्षणानंतर तो वास पिठाचा राहत नाही. पोळीचा नाही, लापशीचा नाही, खाण्याच्या कुठल्याच पदार्थाचा नाही. तरीही तो नाकात शिरला की पोटात काहीतरी हलतं. कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून आई त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची आणि आम्हा भावंडांना दम भरायची, बोट बुडवून चाटायचं नाही. मोरचुदाची निळी पूड त्या गरम पांढऱ्यात विरताना घटकाभर एक फिकट आकाशी रेघ उमटायची आणि चमच्याच्या एका फेऱ्यात नाहीशी व्हायची. ती रेघ पाहायला मी स्टोव्हजवळ बसून राहायचे. आई म्हणायची, ‘सरक, तोंडावर उडेल.’ मी सरकायचे नाही.

त्या वासाला आमच्या घरात एक सोबती होता, अमोनियाचा. ज्यांचं बालपण पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गेलं, ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी भोसरी, आकुर्डी, चिंचवड, दापोडी इथल्या एखाद्या कारखान्यात होतं, त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. संगणक टेबलावर येण्याआधी यंत्रांची ड्रॉइंगं अमोनिया प्रिंटवर निघायची. मळकट पांढरा, जरा जाडसर कागद, त्यावर जांभळट निळ्या रेघा, आणि ताज्या प्रिंटची घडी उघडली की डोळ्यांत टचकन पाणी आणणारा तो तिखटपणा. ड्रॉइंग बदललं की जुनी प्रिंट रद्द व्हायची, तिच्यावर तांबडा शिक्का बसायचा, आणि तिचं पुढचं आयुष्य आमच्यासारख्यांच्या घरी सुरू व्हायचं. वर्गातल्या कितीतरी वह्यांना हीच कव्हरं असायची. कुणाच्या इतिहासावर गिअरबॉक्स, कुणाच्या भूगोलावर पंपाचं केसिंग. आमच्याकडे तो कागद भिंतीवरही होता.

भिंतीवर का, ते कळायला आधी ती भिंत पाहायला हवी. भोसरीतली दहा बाय दहाची खोली, ओळीनं उभ्या असलेल्या तशाच खोल्यांपैकी एक, मालकानं शेताच्या बांधाला लागून घाईघाईनं बांधलेली. भोसरी, पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी ही गावं १९७० मध्ये एका नगरपालिकेत आली होती, कागदावर शहर झालं होतं. पण आमच्या दारातून अजून ज्वारी दिसायची आणि ज्वारीच्या पलीकडे शेडचे पत्रे. पिंपरीत एचएमध्ये, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, १९५५ पासून पेनिसिलीन निघत होतं, टेल्को होती, बजाज होती, आणि या मोठ्यांच्या आसऱ्यानं वर्कशॉपं आणि फाउंड्र्या उगवत होत्या. सातारा, सांगली, नगर, बीडकडून माणसं येत होती. माणसं आली तशा खोल्या उठल्या, आणि खोल्यांच्या वाट्याला आला तो पातळ चुना. त्यात ना डिंक, ना सरस. त्यामुळे तो भिंतीवर राहायचा कमी आणि पाठीला लागायचा जास्त. रात्रपाळीवरून आलेला माणूस टेकून चहा प्यायला बसला की उठताना आमची थोडी भिंत बरोबर घेऊन जायचा. अण्णांचा खाकी शर्ट आणि त्यावर पांढरी पाठ, हे आईला खपायचं नाही. ‘लोकांना वाटेल, घरात बसायला जागा नाही,’ ती म्हणायची. जागा नव्हतीच. पण ते लोकांना कशाला दिसायला हवं?

म्हणून टेकण्याच्या उंचीपर्यंत आई भिंतीला कागद लावायची. दिवाळीआधी जुना खरवडायचा, नवा डकवायचा. किती लागेल याचा हिशोब ती उभ्या उभ्या करायची. कोपर भिंतीच्या कोपऱ्यात टेकवायचं, मधल्या बोटाच्या टोकाशी नखानं खूण करायची, मग त्या खुणेवर पुन्हा कोपर. अशी ती भिंतीवरून सरकत जायची, ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि दारातून आलेला सकाळचा उजेड तिच्या कोपरावर. पावणेसात हात. कागद आडवा धरला तर दोन हातांना जरा कमी. ‘खाली चार, वर चार. एका भिंतीला आठ लागतील,’ ती अण्णांना सांगायची, आणि लगेच, श्वास न घेता, ‘दहा आणा.’

ते वरचे दोन कशाला, असं मी विचारलं होतं. ‘एक फाटेल म्हणून,’ ती म्हणाली, ‘आणि एक असू दे म्हणून.’ भाताला तांदूळ घेताना मापानं घेऊन झाल्यावर एक मूठ वरून टाकायची तिची जी रीत होती, तीच ही. त्या मुठीचं कारण कुणी विचारत नाही.

अण्णांचं मोजमाप याच्या अगदी दुसऱ्या टोकाचं. ते एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. बिडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तसाच्या तसा लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा करायचा आणि मग त्या पोकळीत वितळलेला रस ओतायचा. पण बीड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. तेवढा नमुना मोठा करावा लागतो. दर मापाला गुणाकार करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात मोठी असते. तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरहून दहा मिलिमीटर लांब, आणि मधली सगळी आखणी त्याच प्रमाणात ताणलेली. दिसायला साधी पोलादी पट्टी. घरी फळीवर, देवाच्या फोटोमागे ती फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची आणि माझ्या भूमितीच्या वहीला ती लावायची सक्त मनाई होती. ‘खोटी पट्टी आहे का ही?’ मी विचारलं, तेव्हा अण्णा जरा दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, ‘खोटी कशी? लोखंडाला थंड व्हायला जागा ठेवलीय तिच्यात.’

आईच्या दोन कागदांचा आणि अण्णांच्या दहा मिलिमीटरचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. ती दोघंही असले अर्थ लावत बसणारी माणसं नव्हती. त्यांना फक्त कमी पडू द्यायचं नव्हतं.

कागद लावायचा दिवस मला अजून जवळून दिसतो. सामान बाहेर ओट्यावर. खोली एकाएकी मोठी झालेली, आवाज घुमणारी. आई प्रिंट जमिनीवर उलटी पसरायची आणि काथ्याच्या कुंचल्यानं खळ लावायची; मधून कडेकडे, मधून कडेकडे. कागद ओला झाला की आधी कुरकुरत वळायचा, मग सैल पडायचा आणि चक्क वाढायचा. दोन बोटं नाही, पण जाणवण्याइतका. मग अण्णा वरची दोन टोकं धरायचे, मी खालची, आणि आई फडक्याचा बोळा करून मधून बाहेर फिरवायची. आत अडकलेली हवा बुडबुड्यासारखी पळत कडेला जाऊन निघून जायची. तेव्हा दुपार कललेली असायची आणि दारातून आलेला तिरपा उजेड ओल्या कागदावर असा काही पडायचा, की भिंतीतला खड्डा न् खड्डा, गिलाव्याचा खडा न् खडा, थापीचा फटकारा न् फटकारा उठून दिसायचा. खळ आणि अमोनिया. गार होत चाललेला स्टोव्ह. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर कामगारांचा कार्यक्रम. रात्री अंथरुणावर पडलं की भिंत बोलायला लागायची. वाळत चाललेला कागद ताणला जाताना बारीक करकरायचा, इकडे एकदा, तिकडे एकदा. सकाळपर्यंत तो ढोलासारखा ताठ.

किती काळ गेला.

मी इंग्रजी वाचायला शिकले ते शाळेत कमी आणि त्या भिंतीवर जास्त. प्रिंटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असायची आणि तिच्यात बारीक ठाशीव अक्षरं. ‘ऑल डायमेन्शन्स इन एमएम.’ त्याच्याखाली, जवळजवळ प्रत्येक कागदावर, ‘डू नॉट स्केल.’ याचा अर्थ अण्णांनी एका रविवारी सांगितला. ड्रॉइंगवर पट्टी ठेवून माप घ्यायचं नाही, लिहिलेला आकडा तेवढा खरा मानायचा. का? तर कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. मी आजूबाजूला पाहिलं. चारी बाजूंनी छातीएवढ्या उंचीपर्यंत तेच वाक्य होतं, आणि आम्ही त्याला पाठ टेकून जेवत होतो.

त्या काळात मावशीचं घर चाकणच्या पुढे, खेडच्या वाटेवर. तिच्या भिंती मातीच्या, जाड, उन्हाळ्यात गार. त्यांना दसऱ्याआधी पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा, आणि किती माती लागेल ते घमेल्यात ठरायचं. एका घमेल्यात माजघर, दुसऱ्यात ओसरी. उरलेलं गोठ्याच्या दर्शनी भिंतीला. तिथं कमी-जास्त असा प्रश्नच नव्हता, माती ओढ्याकाठी होती. वखारीत कांदा भरलेला असायचा आणि त्याचा उग्र, उबदार वास त्या ओल्या पांढऱ्या मातीत मिसळायचा. चाकणचा बाजार कांद्याचा होता तेव्हा. गाड्या म्हणजे बैलगाड्या, फार तर ट्रक.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एमआयडीसी आली, रस्ते रुंद झाले, कांद्याच्या रानात मोटारींचे कारखाने उभे राहिले. मावशीच्या गावात बंगले झाले आणि त्यांतल्या एका हॉलमध्ये मी पहिल्यांदा खराखुरा वॉलपेपर पाहिला. अख्खी भिंत भरून एक सरोवर, त्यामागे बर्फाचे डोंगर, काठावर पिवळी-तांबडी झाडं. आणि त्या सरोवरासमोर सोफ्यावर धोतर नेसलेले आजोबा, पायांत वहाणा, हातात तंबाखूची चंची. लोक अशांना गुंठामंत्री म्हणून हसतात. मला ते हसणं कधी जमलं नाही. ज्याची जमीन मोजून गेली त्यानं निदान एक भिंत तरी मनासारखी मोजून घ्यावी.

आणि मोजणीची ही एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. आपल्याकडची जमीन मोजायची जुनी साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आता दुकानात जाऊन वॉलपेपरचा रोल पाहा. वेष्टनावर लिहिलेलं असतं, लांबी १०.०५ मीटर. ती मोडा फुटांत. ३३ फूट. दोन्ही मापं इंग्रजांच्या अकरा वारांतून आलेली. देशात मेट्रिक मापं १९५८ पासून लागू व्हायला लागली, कारखान्यात मिलिमीटर आला, पण भिंत अजून फुटांत बोलते आणि शेत गुंठ्यांत. त्या आजोबांच्या सरोवराचा कागद बहुधा एकसंध पोस्टर होता, रोलचा नव्हता. पण त्यांच्या नातवांच्या बेडरूममध्ये आता जो फुलाफुलांचा कागद दिसतो, तो उलगडून शेतात पसरला तर बरोबर एक साखळी भरेल.

आपल्या भिंतींना चित्रांची हौस जुनीच. वाईजवळ मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं रंगवलेली आहेत. ज्यांच्याकडे वाडा नव्हता त्यांच्याकडे पुढे छापील लक्ष्मी-सरस्वती आल्या. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर मळवलीला गेला. आपली लोणावळा लोकल ज्या मळवलीला थांबते, तीच ही. पण चित्र एक असतं, एका खिळ्यावर टांगता येतं. किती घ्यायचं हा प्रश्न चित्र विचारत नाही. तो विचारतो कागद, कारण त्याला भिंतीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पोचायचं असतं.

आई आता मोशीला असते, माझ्या भाच्याकडे. नव्या बिल्डिंगमध्ये दहाव्या मजल्यावर तिच्यासाठी एक खोली केली, आणि पलंगामागच्या भिंतीला वॉलपेपर लावायचा, हा भाचेसुनेचा हट्ट. भिंत बारा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. भाचा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. त्यानं फोन काढला. बारा गुणिले साडेनऊ, ११४ चौरस फूट. रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब, दुकानदार त्याला ५७ चौरस फूट धरतो. ११४ भागिले ५७. ‘आत्या, बरोबर दोन!’ तो म्हणाला. असा नि:शेष भागाकार पाहून कुणालाही आनंद व्हावा.

दुकानदारानं मान हलवली आणि कागदावर पेन्सिलनं उभ्या रेघा काढायला घेतल्या. तो हिशोब मला इतका आवडला, की तुम्हीही जरा त्याच्या काउंटरपाशी थांबा. भिंत चौरस फुटांनी भरत नाही, ती पट्ट्यांनी भरते. बारा फूट म्हणजे १४४ इंच. २१ इंचांची एक पट्टी, तर सहा पट्ट्यांत १२६ इंच होतात आणि दीड फूट भिंत उघडी राहते. तेव्हा सातवी पट्टी हवी, भले तिची तीन इंचांची कड कापून टाकावी लागो. आता उंची. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच, वर-खाली कापायला मिळून चार इंच धरायचे, म्हणजे ११८. रोल ३९६ इंचांचा. त्यातून तीन पट्ट्या निघतात आणि साडेतीन फुटांचा तुकडा उरतो, जो भिंतीच्या कामाचा नाही. दोन रोलांच्या सहा पट्ट्या. सातवीसाठी तिसरा रोल फोडायचा. ‘क्षेत्रफळाला दोन,’ दुकानदार म्हणाला, ‘भिंतीला तीन.’

मी त्या रेघांकडे पाहत राहिले. पावणेसात हात. खाली चार, वर चार. आईनं कधी गुणाकार केलाच नव्हता. तिनं अख्खे कागद मोजले होते.

त्यात आणखी नक्षीचा हट्ट असतो. भाचेसुनेनं निवडलेल्या कागदावर फांद्या होत्या, राखाडी पानांच्या, आणि दर २५ इंचांनी तीच फांदी पुन्हा येत होती. शेजारच्या पट्टीवरची फांदी या पट्टीवरच्या फांदीला मिळायला हवी, म्हणून प्रत्येक पट्टी नक्षीच्या पूर्ण आवर्तनांत कापावी लागते. ११८ इंचांना पाच आवर्तनं, १२५ इंच. तशा तीन पट्ट्यांना ३७५ लागतात, रोलमध्ये मावतात, आमचं निभावलं. पण हीच खोली जुन्या धाटणीची, साडेदहा फूट उंच असती, तर? साध्या कागदाच्या १३० इंची तीन पट्ट्या ३९० इंचांत काठोकाठ बसल्या असत्या. फांद्यांच्या कागदाला मात्र सहा आवर्तनं लागली असती, १५० इंच, आणि रोलमधून दोनच पट्ट्या निघाल्या असत्या. तिनाचे चार रोल, नुसत्या एका पानाच्या देठाला देठ जुळावा म्हणून. भाच्यानं फोन खिशात ठेवला. त्याच्या कारखान्यात असं वाढीव धरण्याला काय म्हणतात ते त्यानं मला सांगितलं, पण ते ऐकताना मला अण्णांची फडक्यात गुंडाळलेली पट्टीच दिसत होती.

कारागीर आला तो मूळचा गोरखपूरकडचा, आता डुडुळगावात राहणारा, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा. आल्या आल्या त्यानं भिंतीला हात लावला नाही. खिडकी ओढून घेतली, वायरला लावलेला दिवा भिंतीला घासून आडवा धरला आणि डोकं तिरपं करून बघायला लागला. आणि तो उजेड! तोच, भोसरीच्या दारातून येणारा, फक्त विजेचा. गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर पुट्टीच्या लाटा उठून आल्या, पॉलिश पेपर फिरलेल्याच्या गोल खुणा दिसू लागल्या. ‘कागद सब दिखाता है, माताजी,’ तो आईकडे बघून म्हणाला. आई खुर्चीत बसून होती. तिनं मान डोलावली.

मग त्यानं कोपऱ्यापासून २१ इंचांच्या थोडं अलीकडे खूण केली आणि तिथून ओळंबा सोडला. दोरी हलायची थांबेपर्यंत तोही थांबला. पहिली पट्टी कोपऱ्याला चिकटून लावत नाहीत, कारण कोपरा सरळ असतो हा आपला समज. छतापासून फरशीपर्यंत येताना तो कुठेतरी सरकलेलाच असतो, आणि पहिली पट्टी तिरकी गेली की सातवीपर्यंत फांद्या कलत जातात. ओळंब्याच्या रेघेवर पट्टी बसवायची आणि कोपऱ्याकडची जादा कड कटरनं उडवायची. त्यासाठीच ती थोडी कमी घेतलेली खूण. बादलीत त्यानं पाणी घेतलं, पाकिटातली पांढरी पूड भुरभुरवली, काठीनं ढवळली. मी नकळत पुढे झुकले. वास आला नाही. म्हणजे काहीच नाही. ना पीठ, ना ऊब. स्टोव्ह नाही, बुडबुडा नाही, निळी रेघ नाही. थंड पाण्यात आपोआप घट्ट होणारी ती खळ फार सोयीची आहे आणि तिला कसर लागत नाही, हे मला मान्य आहे.

पण खळ लावलेली पट्टी त्यानं आतल्या आत दुमडून बाजूला ठेवली आणि पाच-सात मिनिटं नुसता बसून राहिला, तेव्हा मला कारण विचारावंसं वाटलं नाही. कागद वाढतोय. त्याला वाढू द्यायचं, मग भिंतीवर न्यायचं; नाही तर तो तिथं वाढेल आणि फुगे धरेल.

सात पट्ट्या लागल्या, सांध्यांवरून छोटा रूळ फिरला, फांद्यांना फांद्या मिळाल्या. संध्याकाळी आई उठून भिंतीपाशी गेली. तिला फांद्या आवडल्या की नाही ते कळलं नाही. तिची दृष्टी आता तशी अधू आहे. तिनं तळहात कागदावर ठेवला, थोडा घासला आणि हात डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिला. ‘पाठीला लागत नाही ना?’ तिनं विचारलं. भाचेसुनेला प्रश्नच समजला नाही. मी म्हटलं, ‘नाही आई, हा नाही लागत.’ मग ती वळली आणि अगदी सावकाश, आधी एक खांदा, मग दुसरा, भिंतीला टेकली.

रात्री मी तिच्याच खोलीत झोपले. भिंत करकरते का ते ऐकत बराच वेळ जागी होते. हायवेवरून नाशिककडे जाणारे कंटेनर ऐकू येत होते. हे नवे कागद बेताचे ओढले जातात, आवाज करत नाहीत.

तिसऱ्या रोलमधल्या दोन पट्ट्या उरल्या आहेत. भाचेसून त्या टाकून देणार होती, त्या मी माळ्यावर ठेवायला लावल्या. पुढेमागे पलंग सरकवताना कोपरा खरचटेल, प्लगचा बोर्ड हलवावा लागेल. आणि एक असू दे म्हणूनही.

तुम्हाला कधी अशी भिंत मोजायची वेळ आली तर चौरस फुटांच्या नादी लागू नका. भिंतीवर पेन्सिलनं पट्ट्या आखा, त्या मोजा, एका रोलमधून अख्ख्या किती निघतात ते पाहा आणि नक्षी मोठी असेल तर तिची आवर्तनं आधी विचारा. दार-खिडकी लहान असेल तर वजा करू नका. सगळे रोल एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्या. त्याच नक्षीचा नंतर आणलेला रोल छटेनं वेगळा निघतो, म्हणून लॉट नंबर मीटरच्या पेटीच्या दाराला आतून लिहून ठेवा. आणि भिंत पश्चिमेची, पावसाचा मार खाणारी असेल, गिलावा नवा असेल, तर घाई नको. एक पावसाळा जाऊ द्या, कुठं ओल येते ते पाहा, मगच दुकानात जा.